दादाचा डी ड्राइव्ह

परवा माझी भाची म्हणाली, "आत्या, अब बैकअप कौन लेता है? सब अपने आप ऊपर चला जाता है." ती दादाची धाकटी मुलगी. मराठी तिला समजते, पण बोलत नाही. बिचारीनं माझ्या फोनमध्ये काहीतरी चालू करून दिलं आणि वर हे वाक्य टाकलं. मी फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली. पन्नाशी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, शाळेतल्या पोरी मला शांत मॅडम म्हणतात, पण 'आपोआप' हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. आमच्या घरात माझ्या बाबतीत आपोआप काहीही झालं नाही. जे झालं ते कोणीतरी ठरवलं म्हणून झालं, आणि ठरवणाऱ्याला आपण काही ठरवतो आहोत याचा पत्ताही नव्हता. मला राग आहे तो त्याचाच. आज तो सगळा लिहून काढते. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

आमचं घर बालाघाटला, एका राइस मिलच्या मागच्या गल्लीत. बाबा त्याच मिलमध्ये फिटर होते. मिल चालू असली की घराची जमीन बारीक हलायची, फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. मध्येच मिल बंद पडली की आई लाटणं थांबवून कान द्यायची, कारण मशीन बिघडलं म्हणजे बाबांना जेवायला उशीर होणार. कोंड्याची धूळ तर सगळीकडे, गादीवर, केसांत, पाण्याच्या पितळी गुंडावर. म्हणून कॉम्प्युटर घरात आला तेव्हा आईनं सगळ्यात आधी त्याच्यासाठी जुन्या लुगड्याची खोळ शिवली. मिलच्या ऑफिसातून जुना म्हणून तो निघाला होता आणि बाबांनी तो मागून आणला होता. ठेवला पुढच्या खोलीत, दादाच्या पलंगाला लागून. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यानं कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला, त्यामुळे मशीन त्याचं हे कोणी न बोलताच ठरलं. खुर्चीही त्याची. तो बाहेर गेला की मी बसायची, आणि तो आल्याची चाहूल लागली की उठायची. उठ असं मला कोणी कधी म्हटलं नाही. मीच उठायची. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी तेव्हा भूगोलात एम. ए. करत होते, आणि नागपूरच्या एका मॅडमनी मला एक काम लावून दिलं होतं. खैरलांजीकडच्या गावांतल्या चाळीसेक विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजायचं, किती खाली गेलं, किती वर आलं. बालाघाटहून बसनं खैरलांजीला जायचं, तिथे मावशीकडून सायकल घ्यायची आणि धानाच्या बांध्यांमधून एकेक विहीर गाठायची. पोलादी फीत, तिच्या टोकाला घासलेला खडू. फीत आत सोडायची, वर ओढली की खडू जिथवर ओला तिथवर पाणी. उन्हाळ्यात सायकलचं हँडल हाताला चटके द्यायचं आणि पावसाळ्यात चिखलामुळे सायकलच खांद्यावर घ्यावी लागायची. विहिरीवरच्या बाया हसायच्या. एक म्हातारी दर खेपेला विचारायची, "मोजल्यानं वाढते का वं पाणी?" पुढे पुढे तीच माझी वाट पाहायला लागली, आणि फीत वर आली रे आली की माझ्या आधी वाकून आकडा विचारायची. दोन वर्षं झाली, मी एकही महिना चुकवला नाही. तापात गेले, चुलत बहिणीच्या लग्नाच्या हळदीतून उठून गेले.

घरी आले की आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मॅडमचे मेल यायचे तेही तिथेच. फोनच्या तारेवरून नेट लागायचं तेव्हा ते चिरकायचं, किरकिरायचं आणि निम्म्यात तुटायचं. मॅडम बारीकसारीक लिहायच्या: शेजारी पंप चालू असेल त्या दिवशी मोजू नको, काठाची उंची वेगळी लिही, घाईनं आकडा गोल करू नको. आकडे मात्र तुकड्यातुकड्यानं पाठवू नको, नकाशे आणि फोटोंसकट शेवटी एकदमच दे, असं त्यांनी पहिल्यापासून सांगितलेलं. भाद्रपदात त्यांचा मेल आला तो मला अजून तोंडपाठ आहे. दिवाळीनंतर प्रकल्पावर एक जागा निघते आहे, नागपूरला राहायची सोय होईल, दोन वर्षांचं सगळं काम सीडीवर घेऊन ये, जागा तुझी समज. मी तो मेल आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, मंग स्वेटर न्यावं लागन. बाबा काहीच म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि आमच्या घरात मुलीसाठी तेवढं म्हणजे पुष्कळच होतं.

कोणीही विचारेल की कागदावर काही नव्हतं का. होतं ना. विहिरीच्या काठावर बसून पेन्सिलीनं भरलेल्या वह्या होत्या. त्या कुठे गेल्या तेही सांगते, उगाच दुसऱ्यांवरच राग काढायला नको. चूल पेटवायला आईला कागद लागायचा. दर महिन्याला ती वही हातात धरून विचारायची, हे आता लागते का? आणि मी ऐटीत सांगायची, नाही, आत गेलं सगळं. बोट कॉम्प्युटरकडे. किती शहाणी होते मी! विहिरींच्या आकड्यांवर आमच्या घरचा भात शिजला आणि मी तो मिटक्या मारत खाल्ला.

दसऱ्याच्या आठवड्यात कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला, आणि दादानं जाहीर केलं की तो फॉर्मॅट करावा लागणार, म्हणजे पुसून पुन्हा नव्यानं मांडायचा. कॉम्प्युटरच्या पोटातल्या जागेचे दोन भाग केलेले असायचे, एक सी आणि एक डी. पुसायचा तो सी. डी तसाच राहतो. माझं सगळं काम आणि मेल होते सी मध्ये, कारण डी दादाचा होता. डी मध्ये काय होतं? सिनेमे. मित्रांकडून आणलेले, काही तर तेच तेच दोनदा. तो डी इतका गच्च भरलेला होता की माझ्या दोन वर्षांना त्यात शिरायला फट नव्हती. मी दादाला म्हटलं, दोन सिनेमे काढ, माझं तेवढ्यात बसतं.

"पागल झाली का? मुश्किलीनं भेटले आहेत," दादा म्हणाला. "सीडी में आ जाएगा तेरा पूरा. तू काहून टेन्शन घेऊन राह्यली?"

तो हे रागानं बोलला असता तर मी भांडले असते. तो हसून, प्रेमानं बोलला. बाबा तिथेच बसून बूट काढत होते. ते म्हणाले, त्याले समजते त्यातलं. झालं, विषय संपला. पुढची खोली दादाला, साय दादाच्या वाटीत, आणि डी ड्राइव्ह दादाला. यातलं काहीही मला दुष्टपणानं नाकारलेलं नव्हतं. माझ्यापर्यंत प्रश्नच येत नव्हता.

आमच्या कॉम्प्युटरवर सीडी वाचता यायची, लिहिता यायची नाही. म्हणून दादानं मित्राचं एक यंत्र आणून जोडलं आणि माझ्या फायली, मेल, सगळं दोन सीडींवर उतरवून दिलं. दोन्हींवर तेच. मॅडमनी लिहिलंच होतं की दोन प्रती कर आणि दोन वेगळ्या घरांत ठेव. एक सीडी तिरोडीच्या मैत्रिणीकडे द्यायची असं मी ठरवलं होतं. दसऱ्याला ती घरी येणारच होती, मग तेव्हाच देऊ, म्हणून मी दोन्ही एकाच खणात ठेवल्या. अष्टमीच्या दुपारी दादानं सी पुसला. सगळं नवं मांडून झाल्यावर मी सीडी घेऊन खुर्चीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, आता माझं परत आत टाकू दे. तो म्हणाला, थांब, मशीन कशी चालते ते पाहतो. आणि त्यानं सिनेमा लावला. अख्खा तीन तासांचा सिनेमा, मशीन तपासायला! मी थोडा वेळ उभी राहिले. मग आईनं लाखोरीची डाळ निवडायला हाक मारली आणि मी गेले. तो रात्री उशिरापर्यंत खुर्चीतून उठलाच नाही. तेवढ्या वेळात माझं काम दहा वेळा आत गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवमी. बाबांचा देव कोणता असं कोणी विचारलं तर मी सांगेन, पाना. देवळात ते क्वचित जात, पण नवमीला हत्यारांची पूजा करताना त्यांचा हात हळू चालायचा. पाने, हातोडे, कानस, विळा, आईचं शिलाई मशीन, सायकल, आणि दोन वर्षांपासून कॉम्प्युटर. पूजा झाली की हत्यारांना विश्रांती. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. हा नियम बाबा मिलमध्येसुद्धा पाळायला लावत, मालक कुरकुरला तरी. मी आंघोळ करून आले तर पाटावर बाबांच्या पान्यांच्या रांगेत माझ्या दोन सीडी मांडलेल्या. खणातून काढून, पाकिटातून बाहेर, चकाकती बाजू वर, कारण चकाकतं तेच तोंड असणार. प्रत्येकीवर ओल्या कुंकवाचं बोट, हळद, अक्षता, झेंडूचं फूल.

इथे मी खोटं बोलणार नाही. मी पाहिलं, मला कळलं की ही बाजू खाली हवी होती, आणि मी काही बोलले नाही. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले होते, "हे पोरीचं हत्यार." माझ्या कामाला त्या घरात पहिल्यांदा कोणी हत्यार म्हटलं होतं. कुंकू काय, पाण्यानं निघतं, उद्या संध्याकाळी आपणच हलक्या हातानं पुसू, असा विचार करून मी हात जोडले आणि वडे तळायला गेले. लाखोरीचे वडे त्या दिवशी फार खुसखुशीत झाले होते, सगळ्यांनी वाहवा केली.

दसऱ्याला दुपारी तिरोडीची मैत्रीण काही आली नाही. सोनं वाटायला मी गल्लीत गेले, दोन घरं जास्त फिरले, आणि संध्याकाळी परतले तेव्हा बाबा सोनं लुटून आलेले आणि पाट धुऊन भिंतीला टेकवलेला होता. त्याच्या शेजारी माझ्या दोन्ही सीडी उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात वाळत घातलेल्या. आईनं कुंकू धुतलं होतं. सणाचं कुंकू वाळून घट्ट बसतं, नुसत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून तिनं चुलीतली राख घेतली आणि नारळाची शेंडी घेतली, आणि समई घासावी तशा गोल गोल घासल्या. ज्या बाजूला काम असतं तीच बाजू. पोरीची वस्तू, नागपूरला जायची आहे, चकचकीत दिसली पाहिजे. तिनं मला बोलावून दाखवल्या, खुशीत. त्यांच्यावर पांढुरक्या ओरखड्यांचे थरावर थर होते.

मी आईला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुले काही समजते का, हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. अडाणी म्हटलं. माझं वाटोळं केलं म्हटलं. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. आई राखेचे हात लुगड्याला पुसत ऐकत राहिली. दादा आतून आला आणि म्हणाला, मैंने थोड़ी बोला था पूजा में रखने को. बरोबरच होतं त्याचं. तो नेहमीच बरोबर असायचा. बाबा म्हणाले, पूजाच केली, वाईट तर काही केलं नाही. आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं जे मी आजवर विसरलेले नाही: "कॉम्प्युटरातलंच तं होतं."

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत दोन्ही सीडी घेऊन गेले. कॅफेवाल्या भाऊंनी माझं तोंड पाहून इतर गिऱ्हाइकं बाजूला ठेवली. त्यांनी सीडींवर टूथपेस्ट चोळली, मऊ फडक्यानं पुसल्या, दोन वेगवेगळ्या मशीनमध्ये घालून पाहिल्या. मशीन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. तासाभरानं एक फाइल उघडली. ती सगळ्यात पहिली, जी मी काम सुरू करताना बनवली होती. डाव्या बाजूला गावांची आणि विहिरींची नावं, वर महिने, आणि मधली सगळी घरं कोरी. भाऊ म्हणाले, बेटा, और कुछ नहीं निकल रहा. आता म्हणतात की पुसलेल्या मशीनमधूनही थोडंफार परत काढता येतं. असेल. पण तेव्हा आम्हांला ते ठाऊक नव्हतं, आणि सी मधल्या मोकळ्या जागेत दादानं अष्टमीलाच नवे सिनेमे भरून टाकले होते.

तिथूनच मी मॅडमना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "दोन्ही एकाच खणात ठेवल्यास?" मग सांगितलं की आकड्यांशिवाय तुझ्यासाठी मी कोणाशी भांडू शकत नाही. ती जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. चांगली मुलगी होती असं नंतर ऐकलं.

घरी मी कोणाशी बोलत नव्हते. दादानं मला खूश करायला समोसे आणले, मी हात लावला नाही, तर तोच म्हणाला की इतका काय राग. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाबा मिलमध्ये आणि दादा बाहेर गेलेला, आई पुढच्या खोलीत आली. तिनं खोळ काढली, घडी करून पलंगावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसली. मी तिला तिथे कधी बसलेली पाहिली नव्हती.

"मले दाखव," ती म्हणाली, "तुह्यं काम कुठं ठेवाचं होतं ते."

मी घुश्शातच मशीन चालू केलं आणि सी आणि डी दाखवले. दोन डबे समज, म्हटलं. हा पुसला, माझं याच्यात होतं. आईनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. राख आणि सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघालेली असायची.

"अन हा?"

"दादाचा."

"ह्याच्यात काहून नाही ठेवलं? जागा नोती?"

मी डी उघडून दाखवला. यादी खाली खाली सरकत राहिली. हे सगळे सिनेमे, म्हटलं. दोन काढ म्हणून मी त्याला म्हटलं होतं. आई यादी संपेपर्यंत पाहत राहिली. तिला वाचायला वेळ लागायचा, पण लांबी तर कोणालाही दिसते.

"हे पुन्हा भेटतात का?" तिनं विचारलं.

"भेटतात. कुठंही."

"अन विहिरीचं?"

"गेल्या जेठातलं पाणी आता कुठून मोजू?"

मिलचा आवाज चालू होता. आई माझ्याकडे वळली, आणि तिच्या आवाजात मी पहिल्यांदा राग ऐकला. "माह्या हातानं झालं, मी ऐकून घेतलं. सारी गल्ली पाहत होती तरी ऐकलं. पण त्याले काहून नाही बोलली तू? एक शब्द?"

आईवर ओरडता येत होतं म्हणून मी आईवर ओरडले. दादावर ओरडायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि मी, एम. ए. करणारी पोरगी, ते आपलं आपण शिकलेही नव्हते. सगळ्यांवरचा राग माझा केव्हाच निवला असता. हा एक, माझा माझ्यावरचा, निवत नाही.

"काढ हे," आई म्हणाली. "बाबाले मी सांगतो."

मी सांगितलं की एकदा काढलं की परत येत नाही. ती म्हणाली, तुह्यं आलं का? मी डी पुसायची आज्ञा दिली. पडद्यावर एक चौकोन आला. तो काय म्हणते, आईनं विचारलं. मी सांगितलं, नक्की का, असं विचारते.

"हौ म्हण त्याले."

मी हौ म्हटलं. संध्याकाळी दादानं घर डोक्यावर घेतलं, बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत, आणि आईनं एकदाही माझं नाव पुढे केलं नाही. पण ते नंतर. दुपारी आई चहा ठेवायला आत गेली आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. पडद्यावर डी अख्खा पांढरा, रिकामा होता. त्या घरात एवढी जागा पहिल्यांदाच माझी झाली होती, आणि तिच्यात ठेवायला माझ्याजवळ एक आकडासुद्धा नव्हता.